‘भागवत द्या’ म्हणजे नक्की कोणतं?

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या वाचनालयाची यादी आता संगणकावर आली. मुलगी सहावीत आहे, तिला फास्टर फेणे हवा. बाबा ७८ वर्षांचे, त्यांना एकनाथी भागवत हवं. मला स्वतःला दुर्गा भागवत वाचायच्या आहेत, पण आजवर एकही पान वाचलेलं नाही. यादीत नुसतं “भागवत” टाकलं तर पुराण, साहसकथा, निबंध, पाककृती, अस्वल, स्त्रीवाद असं काय काय एकाखाली एक आलं. हे सगळे एकाच घरातले का? आणि आम्ही तिघांनी कुठून सुरुवात करावी?’

आधी घराचं सांगते. देवघेवीच्या टेबलामागे बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे हे उत्तर तोंडपाठ आहे. ‘फास्टर फेणे’ लिहिणारे भा. रा. भागवत आणि लीलावती भागवत हे नवरा-बायको. दुर्गा भागवत आणि कमला भागवत या सख्ख्या बहिणी. कमलाबाई लग्नानंतर सोहोनी झाल्या, म्हणून यादीत त्या ‘स’मध्ये सापडतात. राजारामशास्त्री भागवत हे एकोणिसाव्या शतकातले पंडित, दुर्गाबाईंच्याच घराण्यातले. श्री. पु. आणि वि. पु. भागवत हे ‘मौज’ प्रकाशनवाले भाऊ. विद्युत भागवत पुणे विद्यापीठात स्त्री-अभ्यासाच्या प्राध्यापक होत्या. आणि ‘एकनाथी भागवत’ यातलं भागवत हे आडनावच नव्हे. एवढं ध्यानात ठेवा आणि याच्या पलीकडे आडनावावरून सोयरीक जुळवू नका.

भगवंताचा तो भागवत, असा हा शब्द. भक्तालाही भागवत म्हणतात, भगवंताच्या पुराणालाही म्हणतात (त्याच्या भागांना स्कंध म्हणतात) आणि वारकरी पंथालाही आपण भागवत धर्म म्हणतो. मराठवाड्यात भागवत हे माणसाचं पहिलं नावही असतं. म्हणजे यादीत उद्या एखादा भागवत नावाचा, दुसऱ्याच आडनावाचा कवी निघाला तर दचकू नका. आमच्याकडे तसा एक होता आणि तो दोन वर्षं पुराणांच्या कपाटात होता.

हे कपाटांचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा गोंधळ तिथूनच सुरू झालेला आहे. आम्ही तालिकेची कार्डं लिहायचो तेव्हा आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. ‘भागवत, दुर्गा’. ही पद्धत साहेबाची. मराठी वाचक मात्र लेखकाला आद्याक्षरांनी ओळखतो. भा. रा., पु. ल., व. पु., जी. ए. ‘भास्कर भागवत यांचं पुस्तक आहे का?’ असं मला बत्तीस वर्षांत एकानेही विचारलं नाही. आद्याक्षरं हेच ज्यांचं खरं नाव, त्यांचं आडनाव पुढे काढून आद्याक्षरं मागे ढकलली की ओळखच पुसली जाते. तरी कार्डांच्या काळात बरं होतं, कारण लिहिणाऱ्या माणसाने निदान पुस्तक हातात धरलेलं असायचं. आमच्या संगणकीकरणाच्या वेळी ठेक्यावर आलेल्या मुलांनी दाखल रजिस्टर पुढे ठेवून भराभर टायपिंग केलं. लेखकाच्या रकान्यात कुठे ‘भागवत’, कुठे ‘भागवत भा. रा.’, कुठे ‘भागवत बी. आर.’, तर एका ठिकाणी ‘फेणे फास्टर’. मुलांचा दोष नाही, त्यांना दर नोंदीमागे पैसे मिळत होते.

त्याच धांदलीत दुर्गाबाईंचं ‘अस्वल’ बालविभागात गेलं. नाव अस्वल, मग आणखी कुठे जाणार! तिसरीतल्या एका मुलाने ते हौसेने नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून टेबलावर आपटलं. ‘यात अस्वल काहीच करत नाही,’ म्हणाला. त्याचं बरोबर होतं. एका प्राण्याभोवती माणसाने किती समजुती, कथा आणि भीती रचल्या हे जाणून घ्यायला निघालेल्या संशोधक बाईचं ते पुस्तक आहे. आणि उलटही झालं. नव्याने लागलेल्या शिपायाला एका आजोबांनी ‘भागवत द्या’ सांगितलं, तर त्याने फास्टर फेणे आणून दिला. आजोबांनी चष्मा लावला, पुस्तक उलटसुलट केलं आणि शांतपणे विचारलं, ‘हा स्कंध कितवा?’

तर आता तुम्ही तिघं. मुलीपासून सुरुवात करू, तिचं सोपं आहे.

फास्टर फेणेची पुस्तकं वीस आहेत आणि ती क्रमाने वाचावी लागत नाहीत. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा पोरगा. काडीसारखा बारीक, सायकलवर वाऱ्यासारखा, शिकायला पुण्यात विद्याभवनात. डोक्यात काही शिजलं की जिभेने ‘ट्टॉक्’ करणारा. मला विचाराल तर पहिल्यांदा ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ किंवा ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’ द्या. ज्या मुलांनी आधी २०१७चा सिनेमा पाहिलेला असतो, ती पहिल्या दहा पानांत थोडी बिचकतात. सिनेमातला अमेय वाघचा फेणे कॉलेजच्या वयाचा आहे आणि पुस्तकातला शाळकरी. एक गंमत तिला सांगा: त्या सिनेमात दिलीप प्रभावळकरांनी जे आजोबा केलेत, ते खुद्द भा. रा. भागवत आहेत. लेखक आपल्याच पात्राला भेटतो असं म्हटलं की सहावीतली मुलं पुस्तक उघडतात. माझा अनुभव आहे.

भा. रां.ची खुबी कशात आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. फेणे हुशार आहे, पण शहाणा नाही. मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत नायक बहुधा आधी शहाणा असतो आणि मग संकटात पडतो. हा आधी धडपडतो, चुकीच्या जागी नाक खुपसतो, बडबड करतो, आणि त्या धडपडीतून वाट निघते. भा. रा. वरून उपदेश टाकत नाहीत. मुलांच्या हे लगेच लक्षात येतं. आमच्या बालविभागात छापलेल्या तारखांच्या शिक्क्यांनी पहिलं पान भरलं की आम्ही दुसरा कागद चिकटवायचो. फेणेला कागदावर कागद चढून पुस्तकाचं पुढचं पान जाडजूड झालं होतं. त्याच कपाटातली संस्कारकथांची पुस्तकं मात्र कोरी करकरीत.

फेणे संपला की तिथे थांबू नका. चूक होते ती नेमकी इथेच. पालक येतात, वीस झाली, आता काय, म्हणून दुसऱ्या कपाटाकडे वळतात, आणि भा. रां.चीच बाकीची पुस्तकं तिथेच राहतात, कारण त्यांच्या पाठीवर ‘फास्टर फेणे’ छापलेलं नसतं. साहसी विज्ञानकथा लिहिणारा फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न भा. रां.नी मराठीत आणला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्रसैतान’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. या शेवटच्या नावाकडे बघा जरा. धूमकेतू म्हटलं असतं तर पाठ्यपुस्तक झालं असतं. शेंडेनक्षत्र म्हटल्यावर आजीच्या अंगणातून वर बघितल्यासारखं होतं, आणि त्याला ‘मुक्काम’ जोडला की थेट पोस्टाचा पत्ताच झाला! अॅलिसची गोष्ट त्यांनी ‘जाईची नवलकहाणी’ म्हणून आणली. आणि तुमची मुलगी पुस्तकं खाणाऱ्यांतली असेल तर तिला ‘बिपिन बुकलवार’ द्या; पुस्तकांच्या वेडापायी उद्योग करणारा मुलगा आहे तो.

व्हर्नची ही रूपांतरं मी स्वतः पस्तिशी उलटल्यावर वाचली. बालविभागाची वार्षिक मोजणी चालू होती, धूळ झटकता झटकता ‘समुद्रसैतान’ उघडलं आणि मोजणी दोन तास थांबली. तेव्हापासून मी मोठ्यांनाही ती देते. खाकी कव्हर घालून देते, म्हणजे बसमध्ये वाचायला लाज वाटत नाही.

लीलावती भागवतांचं नाव आजच्या पालकांना माहीत नसतं. त्यांच्या आईला विचारा. आकाशवाणी मुंबईवरचा त्यांचा ‘वनिता मंडळ’ कार्यक्रम म्हटलं की दुपारचा रेडिओ आणि निवडायला घेतलेले तांदूळ आठवणारी एक पूर्ण पिढी आहे. लीलावतीबाईंनी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, कविता लिहिल्या. त्या बालवाडी ते तिसरी-चौथीच्या वयाला चांगल्या. सहावीतल्या मुलीला बाळबोध वाटतील. पण त्यांचं ‘वाट वळणावळणाची’ हे आत्मकथन मोठ्यांसाठी आहे. लहानांसाठी लिहिणाऱ्या जोडप्याचं घर आतून कसं चालायचं, हे त्यात दिसतं. ते बालविभागात शोधू नका, चरित्रांत असेल.

आता तुमच्याकडे येते. दुर्गाबाई.

गंमत म्हणजे दुर्गाबाई आणि भा. रा. दोघांचाही जन्म १९१०चा. त्या फेब्रुवारीतल्या, ते मे महिन्यातले. एकाच सालात जन्मलेले, एकाच आडनावाचे दोन लेखक. एकाने आयुष्यभर मुलांसाठी लिहिलं, दुसरीने काय लिहिलं नाही ते विचारा. तिथेच आमच्यासारख्यांची पंचाईत होते. वाचनालयात कथा-कादंबऱ्या लेखकाच्या नावाने लागतात, पण बाकी पुस्तकं विषयाने लागतात. दशांश वर्गीकरणाचे आकडे पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले तुम्ही पाहिले असतील. दुर्गाबाई त्या पद्धतीने इमारतभर विखुरतात. ‘ऋतुचक्र’ मराठी निबंधांत, म्हणजे ८९१.४६च्या घरात. लोककथांचे संग्रह ३९८.२ला. ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तक ६४१.५ला, रुचिराच्या शेजारी. ‘अस्वल’, वर सांगितलं तसं कुठेही, खरं तर ५९९ला. ‘सिद्धार्थ जातक’चे सात खंड २९४.३ला. एकाच बाईंची पुस्तकं गोळा करायला शिपायाला दोन जिने आणि चार कपाटं करावी लागतात. वाचक मात्र निबंधांच्या कपाटाशी दोन पुस्तकं बघून म्हणतो, ‘दुर्गाबाईंचं एवढंच आहे होय तुमच्याकडे?’

म्हणून यादीत ‘भागवत’ न टाकता ‘दुर्गा’ टाका. अजूनही काही नोंदी निसटतील, पण बऱ्याच हाती लागतील.

सुरुवात ‘ऋतुचक्र’पासून. १९५६चं पुस्तक, बारा महिन्यांचे बारा लेख, चैत्रापासून. बहुतेक जण ते हातात घेऊन सलग वाचायला बसतात, तिसऱ्या महिन्यात दमतात आणि ‘भाषा जड आहे’ म्हणून परत आणतात. भाषा दाट आहे, हे कबूल. पण ते असं वाचायचं पुस्तक नाही. विकत घ्या, वाचनालयाच्या पंधरा दिवसांत ते बसत नाही. आता जो मराठी महिना चालू असेल तेवढाच लेख वाचा, आणि मग खिडकीबाहेर बघा. ज्येष्ठातलं आभाळ, भाद्रपदातलं गवत, फाल्गुनातला पळस. पुढचा लेख पुढच्या महिन्यात. मी असं एक वर्ष केलं, आमच्या वाचनालयाच्या मागच्या अंगणात शेवगा होता आणि एक पांगारा. त्या वर्षी मला ते पहिल्यांदा नीट दिसले. तोवर मी त्याच अंगणात वीस वर्षं डबा खात होते.

दुर्गाबाईंची नजर नुसती हळवी नाही, हे लक्षात ठेवून वाचा. त्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. मध्य भारतातल्या आदिवासी भागांत हिंडलेल्या, पाली-संस्कृत जाणणाऱ्या, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसणाऱ्या. झाडाविषयी लिहिताना त्या झाडाचं रूप सांगतात, त्याच्यावरचा कीटकही सांगतात, आणि कुठल्या जुन्या ग्रंथात त्याला काय म्हटलंय तेही. एका वाक्यात वनस्पतिशास्त्र आणि पुराण दोन्ही येतात आणि कुठेही टाका दिसत नाही. म्हणून दाट. त्यांनी अमेरिकन निसर्गचिंतक थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने, यात नवल नाही.

‘ऋतुचक्र’चे दोन-चार महिने झाले की ‘पैस’. हे १९७०चं, आणि त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं म्हणतात, त्या पैसाच्या खांबावरून हे नाव. शक्य असेल तर नेवाशाला जाऊन या आणि मग तो लेख वाचा. दगडाचा एक साधा खांब बघून एखादी बाई एवढ्या लांबपर्यंत कशी विचार करत जाते, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ‘व्यासपर्व’ त्यानंतर. महाभारतातल्या माणसांवरचे लेख आहेत, आणि तुम्हाला मूळ कथा चांगली ठाऊक असेल तरच ते चढतील. कर्ण कोणाचा मुलगा इथपासून आठवावं लागत असेल तर आधी साधं महाभारत वाचा, कमीपणा मानू नका.

त्यांच्या बाण्याविषयीही दोन शब्द. १९७५च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. आणीबाणी होती, व्यासपीठावर सत्तेतली माणसं होती, आणि तिथे या बाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उभा केला. पुढे अटकही झाली. ‘ऋतुचक्र’ वाचून ज्यांना त्या पाना-फुलांच्या लेखिका वाटतात, त्यांना मी हे मुद्दाम सांगते. धाकटी बहीण कमलाही त्याच वाणाची. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन मुलींना प्रवेश द्यायला तयार नव्हते, तर ती हटून बसली. आणि १९३९मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. राजारामशास्त्री म्हणाल तर तेही सनातन्यांच्या विरुद्ध बाजूला उभे राहणारे. त्यांचं निवडक साहित्य दुर्गाबाईंनीच संपादित केलं. ते खंड मात्र अभ्यासकांनाच सुचवते; तुम्ही एवढ्यात त्या वाटेला जाऊ नका.

मुलांसाठी दुर्गाबाईंनी काही लिहिलं का? लिहिलं. ‘चंद्रलेखा आणि आठ चोर’, ‘वनवासी राजपुत्र’ अशी पुस्तकं आहेत, जुन्या वाचनालयांत सापडतात. पण माझ्या मते मुलांना द्यायच्या दुर्गाबाई वेगळ्याच ठिकाणी आहेत: लोककथांच्या संग्रहांत. पंजाब, बंगाल, काश्मीर, डांग, अशा कितीतरी मुलखांच्या लोककथा त्यांनी मराठीत आणल्या. आम्ही ते संग्रह वर्षानुवर्षं मोठ्यांच्या विभागात ठेवले, कारण लेखिका विदुषी. तिथे ते कोणी नेत नसे. एका उन्हाळ्यात रंगकाम निघालं, कपाटं हलली आणि तो गठ्ठा चुकून बालविभागात राहिला. जूनपर्यंत अर्धी पुस्तकं बाहेर गेलेली. मग मी तो गठ्ठा परत हलवलाच नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गांक बघून भुवया उंचावल्या, मी चहा मागवला.

तुमच्या मुलीला दोन कथा वाचून दाखवा आणि मग पुस्तक तिच्याजवळ सोडा. एक सावधगिरी: लोककथा या मुळात मोठ्यांनीही शेकोटीभोवती ऐकलेल्या कथा. त्यांत फसवणूक आहे, सावत्र आई आहे, मरण आहे, कधी जरा तिखट विनोद आहे. दुर्गाबाईंनी त्या धुऊन-पुसून ठेवलेल्या नाहीत. सहावीतल्या मुलीला चालतं. दुसरीतल्याला आधी आपण चाळून बघावं.

आता बाबांचं भागवत.

मूळ भागवत पुराण संस्कृतात, बारा स्कंधांचं. त्यातल्या फक्त अकराव्या स्कंधावरची नाथांची मराठी टीका म्हणजे एकनाथी भागवत. ३१ अध्याय आणि १८ हजारांहून अधिक ओव्या. पैठणला सुरू झालं आणि १५७३मध्ये काशीत पुरं झालं. मराठीत शास्त्र सांगतो म्हणून काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा बाबांना ठाऊक असेलच. लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे यात बाळकृष्णाच्या लीला असतील. दहीहंडी, कालिया, गोवर्धन हे सगळं दहाव्या स्कंधात. अकराव्यात कृष्ण निघण्याच्या बेतात आहे, यादवांचा शेवट जवळ आला आहे, आणि उद्धव त्याला विचारतोय, आता आम्ही काय करायचं? निरोपाच्या वेळचं बोलणं आहे ते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते का हवं असतं, हे मला आमच्या वाचकांकडे बघून कळलं.

प्रत निवडताना दोन गोष्टी बघा: मोठा टाइप आणि खाली गद्य अर्थ. नुसत्या ओव्यांची प्रत पारायणवाल्यांसाठी ठीक. जो पहिल्यांदा समजून घेणार आहे तो दोन अध्यायांत अडकतो. यादीत ‘भागवत’ टाकून शोधू नका, ‘एकनाथ’ टाका. आणि ‘चतुःश्लोकी भागवत’ समोर आलं तर ते वेगळं, हेही ध्यानात असू द्या. तेही नाथांचंच, पण चार श्लोकांवरचं, हजाराच्या आसपास ओव्यांचं छोटं प्रकरण आहे. बाबांची दृष्टी थकली असेल तर आधी तेच द्या, पुरं केल्याचं समाधान मिळतं.

राहिले दोघं, त्यांचं थोडक्यात. यादीत श्री. पु. भागवत दिसले तर ‘साहित्याची भूमी’ हे समीक्षेचं पुस्तक असेल. त्यांचं खरं काम मात्र लेखकाच्या रकान्यात सापडत नाही. ते प्रकाशकाच्या आणि संपादकाच्या रकान्यात आहे. गिरगावातल्या खटाववाडीतून त्यांनी ‘सत्यकथा’ हे मासिक चालवलं, १९८२मध्ये ते बंद होईपर्यंत. हस्तलिखितावर शब्दन्‌शब्द चर्चा करणारे संपादक म्हणून लेखक त्यांना वचकून असत, आणि १९६९मध्ये बंडखोर तरुणांनी त्याच ‘सत्यकथे’ची होळीही केली. दुर्गाबाईंचं ‘पैस’ आणि ‘व्यासपर्व’ यांच्या पहिल्या पानावर ‘मौज’ दिसेल. एका भागवतांचं पुस्तक दुसऱ्या भागवतांनी काढलेलं. विद्युत भागवतांचं ‘स्त्री प्रश्नाची वाटचाल’ हे अभ्यासाचं पुस्तक आहे, तुम्हाला त्या विषयाची ओढ असेल तर जरूर, पण दुर्गाबाईंच्या शेजारी लागलंय म्हणून ते उचलू नका. चुकून नेणारे खूप पाहिले. त्यांतल्या एक बाई मात्र दर महिन्याला त्याच विषयाचं पुढचं पुस्तक मागायला लागल्या, तेव्हा तोही नियम म्हणून सांगत नाही.

आणखी एक सुचवते, तिघांसाठी मिळून. अकराव्या स्कंधाच्या सातव्या ते नवव्या अध्यायात अवधूताचे चोवीस गुरू येतात. यदुराजा एका आनंदी, फाटक्या अवधूताला विचारतो, तू हे कुठे शिकलास? तो म्हणतो, चोवीस जणांकडून, आणि यादी सांगतो: पृथ्वी, वारा, समुद्र, कबूतर, अजगर, पतंग, मधमाशी, हरिण, मासा, कोळी... दुर्गाबाई वाचत असाल तर ही नजर ओळखीची वाटेल. त्यांतली एक कुमारी आहे. घरी पाहुणे येतात, घरात ती एकटी, दाणा संपलेला. ती आत भात कांडायला बसते आणि हातातल्या बांगड्या वाजायला लागतात. घरात कांडलेला तांदूळ नाही हे पाहुण्यांना कळेल म्हणून ती एकेक बांगडी उतरवते. दोन राहतात तरी वाजतात, एकच उरते तेव्हा आवाज थांबतो. सहावीतल्या मुलीला हे सांगायला टीकेची गरज नाही. बाबांना रोज रात्री एकेक गुरू वाचून अर्थ सांगायला सांगा. महिन्याभरात चोवीस होतात, सहा रात्री कंटाळ्याच्या धरून.

एकनाथी भागवताच्या जाड प्रती बऱ्याच वाचनालयांत संदर्भ विभागात असतात आणि त्या घरी देत नाहीत. तसं असेल तर टेबलावरच्या बाईंना ‘देवघेवीची प्रत आहे का’ असं विचारा. खालच्या कप्प्यात, पोथ्यांच्या गठ्ठ्याखाली बहुधा एक असते. आणि मागच्याच फळीकडे मान वळवून बघा. २९४.३ आणि २९४.५ (म्हणजे बाबांचं भागवत) यांच्यात फार तर दोन-तीन फळ्या असतात. तिथे ‘सिद्धार्थ जातक’चे खंड असतील, दुर्गाबाईंनी पालीतून आणलेले. त्यातला पहिला खंड मुलीच्या कार्डावर घ्या, तुमच्या कार्डावर ‘पैस’ बसेल.